मुक्यांची बैठक

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत कितीतरी वर्षं दर रविवारी सकाळी माणसं येऊन गप्प बसत आली आहेत. आता त्यांना वाटतंय की आपल्या गप्प बसण्याचा इतिहास लिहून निघावा. स्मरणिका काढायची आहे म्हणे. लातूरच्या सरांनी मला फोन केला. "ताई, तुमचा मराठी शिकवण्यात जन्म गेला, तुमच्या हातून छान उतरेल. स्थापना, वाटचाल, आपली एकमताची पद्धत, एवढं दीड पानात बसवा. मधलं ते नांदेडचं प्रकरण नाही घातलं तरी चालेल."

मधलं ते नांदेडचं प्रकरण सोडलं तर यांच्या इतिहासात लिहिण्यासारखं काही घडलेलंच नाही. माणसं आली, बसली, चहा प्याली आणि गेली. म्हणून मी तेच लिहिणार आहे. सरांना छापायचं तर छापावं, नाहीतर राहू द्यावं.

आधी हे सांगते की मी त्यांच्यातली नाही. आमचे हे त्यांच्यातले. मी चहा करणारी. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार आहे, दाराला पडदा आहे, आणि त्या पडद्याच्या अलीकडून मी हा सगळा पंथ पाहिलेला आहे.

मूळ गोष्ट भूकंपानंतरची. लातूरकडची गावं पडली तेव्हा कुठून कुठून माणसं मदतीला आली, त्यात एक वयस्क इंग्रज बाई होती. उंच, हडकुळी, पायात कॅनव्हासचे बूट. ती क्वेकर पंथाची. हे तेव्हा सरकारी खात्यात नवे इंजिनियर होते आणि घरांच्या कामावर नेमलेले होते. दर रविवारी सकाळी ही बाई पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून डोळे मिटून बसायची. कामावरच्या लोकांना आधी वाटलं, बाईला चक्कर आली. कोणीतरी पाणी घेऊन धावलं. मग तिनं समजावून सांगितलं की आमच्यात पुजारी नाही, मूर्ती नाही, पोथी नाही, गाणं नाही. सगळ्यांनी मिळून शांत बसायचं. प्रत्येकाच्या आत देवाचा थोडा उजेड असतो, तो काय सांगतो ते ऐकायचं. कोणाला अगदीच आतून वाटलं तर त्यानं उठून दोन वाक्यं बोलावीत, नाहीतर गप्प राहावं. तास झाला की शेजारच्याशी हात मिळवायचा आणि उठायचं. धर्म बदलायचा नाही, नाव बदलायचं नाही. ह्यांना ते इतकं पटलं की त्या रविवारी हे बसले ते आजपर्यंत.

ती बाई मला आवडायची. एकदा आमच्याकडे जेवायला आली तेव्हा तिनं ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, पुन्हा मागून घेतला आणि जेवण झाल्यावर मोरीत बसून आपलं ताट आपण घासलं. दोनेक वर्षांनी ती तिच्या देशात परत गेली. मागे राहिली ती ही मंडळी. ताट घासणं तिच्याबरोबर गेलं, गप्प बसणं तेवढं यांनी ठेवून घेतलं.

पुढे ह्यांची बदली नांदेडला झाली, आम्ही इथंच घर बांधलं आणि पुढच्या खोलीत नांदेडची बैठक सुरू झाली. लातूरची बैठक तिकडे सरांच्या घरी भरायची. आमच्याकडच्या पहिल्याच रविवारी गंमत झाली. उन्हाळ्याचे दिवस म्हणून दार उघडं होतं. आठ-दहा माणसं भिंतीला लागून मान खाली घालून बसलेली, कोणी कोणाशी बोलेना. समोरच्या काकूंनी ते पाहिलं आणि थोड्या वेळानं मागच्या दारानं पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणून देतात तशी. डोळ्याला पदर. "कोण गेलं हो ताई? आन् कवा झालं?" मी म्हटलं, "कोणी नाही गेलं काकू, देवाचं चाललंय." काकूंनी डोळ्याचा पदर खाली घेतला. "देवाचं आसं असतंय व्हय?" पिठलं मात्र त्यांनी परत नेलं नाही, दुपारी आम्ही ते खाल्लं. तेव्हापासून गल्लीत आमच्या घराला मुक्यांची बैठक हे नाव पडलं. ऑटोवाल्याला तेवढं सांगितलं तरी तो बरोबर दारात आणून सोडतो.

मला त्या तासाचा सगळ्यात मोठा जाच कुकरचा. बैठक चालू असताना घरात कुकरची शिट्टी होता कामा नये, असा ह्यांचा दंडक. त्यामुळे आमच्या घरी रविवारचा वरण-भात नेहमी उशिरा. मुलं लहान होती तेव्हा भुकेनं किरकिर करायची आणि हे पडद्यातून मान आत घालून ओठांवर बोट ठेवायचे. ज्या देवाला कुकरच्या शिट्टीतून माणसाशी बोलता येत नाही, त्याचं पुढे काय व्हायचं, असं मी एकदा म्हणाले होते. ह्यांनी यावर विचार करतो म्हणून सांगितलं. अजून करत असतील.

आतून वाटलं तर बोलायचं, असा नियम खरा, पण आमच्याकडे आतून वाटायचं ते एकट्या सरांना. महिन्यातून एकदा ते लातूरहून यायचे आणि त्या रविवारी त्यांना हमखास वाटायचं. सर म्हणजे पूर्वी प्राध्यापक, आता कोचिंग क्लासचे मालक. लातुरात असा चौक नाही जिथं हात जोडलेले सर फलकावर उभे नाहीत. त्यांच्या क्लासची जाहिरात करणाऱ्या भोंग्याच्या ऑटो दिवसभर गल्लीबोळांतून ओरडत फिरतात. आठवडाभर सगळ्या शहराच्या कानात बोंबलायचं आणि रविवारी आमच्या पुढच्या खोलीत उभं राहून शांततेवर बोलायचं. बोलताना डोळे मिटलेले आणि आवाज असा मऊ की जणू देवानं नुकताच लोण्याचा गोळा जिभेवर ठेवलाय.

दुसरे अर्धापूरचे केळीवाले काका. मोठे बागायतदार, माणूस मोकळा. येताना केळीची फणी आणायचे, ती माझ्या हातात द्यायचे आणि पंख्याखालची खुर्ची धरायचे. थोड्याच वेळात घोरायला लागायचे. साधंसुधं घोरणं नव्हे, खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नाही. एकदा तर सरांनी चहाच्या वेळी सांगितलं की काका शांततेच्या फार खोल पातळीवर जातात. काका म्हणाले, "लई खोल जातो बगा सर, परवा खुर्चीवरून पडूनच राहिलतो." सर हसले नाहीत.

आणि तिसऱ्या उमरीच्या बाई. या बाईंसाठी मी हे लिहिते आहे.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. बौद्ध कुटुंबातल्या, नवरा लवकर गेलेला, मुलाला आपल्या पगारावर शिकवून मोठं केलेलं. ह्यांच्या देखरेखीखाली उमरीला शाळेच्या खोल्या बांधल्या गेल्या तेव्हा ओळख झाली. ह्यांनी बोलावलं म्हणून एका रविवारी त्या रेल्वेनं आल्या आणि मग येतच राहिल्या. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी, दाराशी वहाणा अगदी जोडीनं ठेवलेल्या. कोपऱ्यातली खिडकीजवळची खुर्ची त्यांची. तासभर पापणी न हलवता बसायच्या. बाहेरून कोणी पाहुणा आला की सर त्यांच्याकडे हात करून सांगायचे, "आमच्यात सगळ्या समाजाचे लोक आहेत बरं का." पाहुणा कौतुकानं मान डोलवायचा. बाईही मान डोलवायच्या. एवढी वर्षं बाई यांच्या शेजारी बसल्या, पण त्यांना कोणत्या गोष्टीवर काय वाटतं, हे एकानंही कधी विचारलं नाही. त्या तिथं असणं एवढंच त्यांचं काम होतं.

बैठक संपली की बाई माझ्याकडे आत यायच्या. आल्या की पिशवीतला बटवा काढायचा, बटव्यातून रुमालाची घडी, घडीतून कानाचं मशीन. ते कानात बसवताना बारीक शीळ घालायचं. शीळ थांबली की म्हणायच्या, "हां, आता बोला ताई." मग आमच्या गप्पा व्हायच्या. नातवंडं, गुडघे, सुनेनं टाकलेलं लोणचं. बाईंना कमी ऐकू येतं हे मला ठाऊक होतं आणि मला वाटायचं की बाहेरच्यांनाही ठाऊक असणारच. माणसं शेजारी शेजारी बसतात, हात मिळवतात, उजेडाच्या गोष्टी करतात. त्यांना एवढं कळणार नाही, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

मशीन त्या आत येऊन का लावायच्या, तेही सांगते. नवीन घेतलं तेव्हा त्या ते लावूनच बैठकीला बसल्या होत्या. मध्येच त्यानं शीळ घातली. बाईंना ती ऐकू येत नव्हती, बाकी सगळ्यांना येत होती. माना वळल्या. काका नेहमीप्रमाणे घोरत होते, पण खोलीची शांतता मोडली ती म्हणे या शिळेनं. सरांना लगेच आतून वाटलं. ते उभे राहिले आणि म्हणाले की आपण जगातली यंत्रं सोबत घेऊन इथं येतो, मोबाइल खिशात ठेवून देवाला शोधतो, ती दाराबाहेर ठेवावीत. त्यांना वाटलं मोबाइल वाजतोय. बाईंना अर्धंमुर्धं कळलं आणि बाकीचं त्यांनी तोंडं पाहून ओळखलं. पुढच्या रविवारपासून त्या वहाणा काढताना मशीनही काढायला लागल्या. शांतता ऐकायला जमलेल्या लोकांनी एका बाईला तिचे कान दाराबाहेर काढून ठेवायला लावले, आणि आपण काय केलं हे त्यांना कळलंदेखील नाही.

आता त्यांच्या एकमताचं सांगते, कारण त्याचा सरांना फार अभिमान. क्वेकरांत मतदान नसतं. बहुमतानं अल्पमताला दाबायचं नाही, अशी मूळ कल्पना. कामकाजाची बैठकही शांततेतच करायची. एखादी गोष्ट मांडली की सगळ्यांनी थांबायचं, आत पाहायचं. एकाचा जरी नकार असला तरी निर्णय होत नाही, पुढे ढकलला जातो. त्या इंग्रज बाईच्या तोंडून मी हे ऐकलं तेव्हा मला खरंच चांगलं वाटलं होतं. पण आमच्या लोकांच्या हातात पडल्यावर त्याचं असं झालं की सरांनी मांडायचं, सगळ्यांनी खाली बघायचं आणि थोड्या वेळानं सरांनी म्हणायचं, "एकमत झालं असं मी समजतो." कोणाची चुळबुळ दिसली तर सर आणखी गप्प बसायचे. त्या माणसाकडे तोंड करून, ओठांवर हसू ठेवून, गप्प. त्या गप्प बसण्यापुढे भलेभले वितळायचे. नको म्हणायला आलेला माणूस घाम पुसत हो म्हणून जायचा. आमच्या ह्यांना तर मी कितीदा तसं वितळताना पाहिलंय.

असंच एका रविवारी सरांनी मांडलं की नांदेडची बैठक बंद करून लातूरच्या बैठकीत मिळवावी. त्यांनी क्लासच्या इमारतीवर नवा मजला चढवला होता. त्यात काचेची खोली, एसी, बाहेरचा आवाज जराही आत येत नाही. परदेशातून पंथाचे पाहुणे यायचे होते, त्यांना दाखवायला एक केंद्र हवं होतं. नांदेडकरांसाठी ते दर रविवारी गाडी पाठवणार होते. मी पडद्याआड कप पुसत होते. सर बोलले आणि सगळे थांबले. काका जागे होते, त्यांना एसी पसंत दिसला. ह्यांनी खाली पाहिलं. बाई आपल्या खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या. मग सरांनी एकेकाकडे पाहायला सुरुवात केली तेव्हा हालचाल जाणवून बाईंनी डोळे उघडले. सर हसले. बाईंना वाटलं तास संपला. त्यांनी हसून मान हलवली आणि शेजारच्याशी हात मिळवला.

"एकमत झालं असं मी समजतो," सर म्हणाले.

त्या दिवशी सरांच्या सोबत आलेल्या कोणाला तरी स्टेशनकडे जायचं होतं, त्याच गाडीतून बाईंना घाईनं पाठवून दिलं. त्या आत आल्याच नाहीत. मी ह्यांना विचारलं, "बाई लातूरला कशा येणार?" हे म्हणाले, "त्यांनी मान हलवली की." मला वाटलं, बाईंनी काहीतरी विचार केला असेल.

पुढच्या रविवारी सकाळी सरांची गाडी आली. हे, काका आणि आणखी दोघं-तिघं बसून लातूरला गेले. उमरीला कोणी जाणार नव्हतं, बाईंनी स्टेशनवर यायचं असं कोणीतरी कोणालातरी सांगायचं होतं. मी खोलीतल्या खुर्च्या एकावर एक रचल्या आणि पहिल्यांदाच रविवारी सकाळी कुकर चढवला. तेवढ्यात दाराशी वहाणांचा आवाज झाला. बाई. त्यांनी वहाणा जोडीनं ठेवल्या, मशीन काढून रुमालात बांधलं, आत आल्या, रचलेल्या खुर्च्यांतून एक काढली, खिडकीजवळ नेऊन ठेवली आणि डोळे मिटून बसल्या.

मी गॅस बंद केला आणि पडद्याशी उभी राहिले. त्यांना वाटत असणार, लोक येतील हळूहळू. अधूनमधून डोळे उघडून दाराकडे पाहायच्या, पुन्हा मिटायच्या. मला ते पाहवेना. मी समोर जाऊन बसले आणि कानाकडे बोट दाखवलं.

"मशीन लावू? हितं?" त्यांनी विचारलं. जणू मी त्यांना देवळात चपला घालून या म्हटलं होतं.

मी मान हलवली. त्यांनी बटवा काढला. शीळ वाजली, थांबली. मी सांगितलं. बैठक बंद झाली, सगळे लातूरला गेले, मागच्या रविवारी ठरलं, तुम्हीही होतात, तुम्ही हो म्हणालात.

"म्या कवा हो म्हणलं?"

बाई खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग बोलायला लागल्या, हळू, शाळेत शिकवताना बोलत असतील तशा. "ताई, घरी समदे माझ्याशी वरडून बोलतेत. सून चांगली हाय, पर तीबी वरडते. न्हाईतर मंग बोलतच न्हाईत, आपसात हसतेत, मी बगत बसते. बाजारात जावा, लग्नात जावा, तेच. हितं कोणीच बोलत न्हाई. समदे माझ्यासारखे. हितं मी बहिरी न्हाई."

मला इतका राग आला की तो कुठे ठेवावा कळेना. ज्या खोलीला गल्ली हसते, जिच्यापायी माझ्या मुलांनी रविवार उपाशी काढले, ती खोली या बाईची एवढी मोठी गरज होती आणि ती कोणाची गरज आहे हे तिच्यात बसणाऱ्या एकालाही माहीत नव्हतं. ते आतला आवाज ऐकण्यात गर्क होते.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पण बाईंनी मशीन लावू नये असं कोण म्हणालं?"

"कोणीच नाही म्हणालं. तुमच्यात कोणी काही म्हणतच नाही."

"झालं ते झालं आता. पुढच्या कामकाजाच्या बैठकीत मांडू. तोवर थांबू या."

"तुम्ही थांबा," मी म्हटलं. "थांबण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही."

त्या कामकाजाच्या बैठकीला मी बाईंना घेऊन एसटीनं लातूरला गेले. हे गाडीनं पुढे गेले होते. मला वरच्या मजल्यावर पाहून सरांचा चेहरा जरा बदलला, पण ते लगेच म्हणाले, "ताई, तुम्हीसुद्धा? किती आनंद झाला." काचेची खोली झकास होती. पांढऱ्या गाद्या, एसीची झुळूक, कोपऱ्यात रोपं. खाली क्लासच्या पोरांचा बाजार भरलेला, वर त्याचा मागमूस नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यात बसले, बाईंच्या शेजारी. बाईंच्या कानात मशीन होतं.

थोड्या वेळानं त्यानं शीळ घातली. माना वळल्या. या वेळी वळलेल्या माना पाहूनही बाईंनी ते काढलं नाही. शीळ घालू दिली.

सरांनी डोळे मिटूनच सांगितलं की नांदेडची बैठक सर्वांच्या एकमतानं इथं मिळवलेली आहे, त्याबद्दल आपण कृतज्ञ राहू. आणि सगळे कृतज्ञ राहायला लागले.

"न्हाई," बाई म्हणाल्या.

कोणाला काही समजलं नाही. बाई उठून उभ्या राहिल्या. "मला कोणी इचारलं न्हाई. मी ऐकलंबी न्हाई, माझं मशीन बटव्यात होतं. आता ऐकलं. तर न्हाई."

सरांनी डोळे उघडले. आमचे हे पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. सर अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "बाई, आपण सगळे मिळून या नकाराकडे थोडं शांतपणे पाहू या." आणि त्यांनी बाईंकडे तोंड केलं, ओठांवर ते हसू ठेवलं आणि गप्प बसले. बाकीचेही गप्प बसले. सगळी खोली एका म्हाताऱ्या बाईकडे तोंड करून गप्प बसली. मला ते गप्प बसणं माहीत होतं.

बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग कानातलं मशीन काढलं, रुमालात बांधलं, बटव्यात टाकलं, बटवा पिशवीत घातला आणि खाली बसून, हात मांडीवर ठेवून डोळे मिटले. चेहरा असा निवांत, जसा माझ्या पुढच्या खोलीत असायचा.

पुढे किती वेळ गेला सांगता येणार नाही. सर हसू धरून बसले होते. हळूहळू ते हसू दुखायला लागलं असावं. काका घोरायला लागले. कोणी पाय बदलले, कोणी घड्याळ पाहिलं. आणि मग सरांच्या क्लासमधला एक शिक्षक काचेला नाक लावून बाहेर उभा राहिलेला दिसला. खाली परीक्षेला पोरं मावत नव्हती, त्यांना ही खोली हवी होती. सरांनी दोनदा त्याला हातानं थांब म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा त्याच्या मागे पॅड आणि पेन घेतलेली पोरंच उभी राहिली. देवाला बसून राहायला वेळ होता, सरांना नव्हता.

"एक नकार आहे," सर कोणाकडेही न पाहता म्हणाले. "पद्धतीप्रमाणे नांदेडची बैठक चालू राहील."

दार उघडलं आणि पोरांचा लोंढा आत आला. त्या गडबडीत आम्ही जिन्यानं खाली उतरलो, बसस्टँडला गेलो, गर्दीत जागा धरली. चाकूरला बस थांबली तेव्हा बाईंनी मशीन लावलं. "काय म्हणले सर शेवटी?"

त्या जिंकल्या होत्या आणि त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. मी सांगितलं, बैठक चालू राहणार.

"मंग बरं झालं," बाई म्हणाल्या आणि मशीन काढून ठेवलं.

पुढच्या रविवारी सरांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि बाकीचे नांदेडकर तिच्यात बसून लातूरला गेले. नकार एकीचा, म्हणून बैठक चालू राहिली, पण एसीला नकार कोणाचाच नव्हता. केळीवाले काका जाता जाता फणी तेवढी देऊन गेले. आमच्या ह्यांनी बूट घातले, काढले, पुन्हा घातले. शेवटी खुर्च्या मांडायला लागले. सवयीनं सगळ्या मांडल्या.

बाई आल्या, वहाणा जोडीनं ठेवल्या, मशीन रुमालात बांधलं आणि खिडकीजवळ बसल्या. हे समोर बसले. मी आत आले. इतकी वर्षं भांडी मुद्दाम आपटणारी मी, त्या दिवशी पातेलं उचलतानाही जपत होते. बाईंच्या शांततेला धक्का नको म्हणून. मग माझं मलाच हसू आलं. मी कुकर घेतला, डाळ-तांदूळ धुऊन लावले आणि गॅस मोठा केला.

पहिली शिट्टी झाली. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर ह्यांनी दचकून डोळे उघडले होते आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवत होते. बाई तशाच बसल्या होत्या, पापणीसुद्धा हलली नव्हती. मी आणखी दोन शिट्ट्या होऊ दिल्या. बाईंना काही फरक पडला नाही, आणि ज्यांना पडतो त्यांच्यासाठी लातूरला काचेची खोली आहे.